सुतारपक्ष्याचे वर्ष

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड आहे. जुन्या किल्ल्याची टेकडी, महादेवाचे ठाणे, त्याच परिसरातला दर्गा, जवळ गोठणगावची तिबेटी वसाहत आणि गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण, असा हा मुलूख. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. लोक बैलगाडीने, एसटीने, आता मोटारसायकलने येतात, दर्शन घेतात, जेवतात आणि परततात. याच दिवसांत भोवतालच्या रानात सुतारपक्ष्यांचा विणीचा हंगाम रंगात आलेला असतो. साग, ऐन, मोह, तेंदू, बिजा, धावडा, मोवई अशी मिश्र झाडी, मध्ये धानाच्या बांध्या आणि मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव. सुतारपक्ष्याला लागणारे सगळे इथे आहे, आणि पाहणाऱ्याला लागणारे एकच आहे: एका झाडाखाली बसून राहण्याची तयारी.

पक्षीनिरीक्षणात हल्ली याद्यांना फार महत्त्व आले आहे. सकाळभरात किती जाती पाहिल्या, यावर दिवस चांगला की वाईट हे ठरते. सुतारांच्या बाबतीत ही पद्धत कुचकामी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. यादीत नाव लिहायला एक क्षण पुरतो. पण हा पक्षी खोडावर नेमके काय करतो, कुठे ठोकतो, कुठे नुसते चाचपून पुढे जातो, एकाच झाडाकडे पुन्हा का येतो, हे समजायला तेच झाड अनेक सकाळी पाहावे लागते. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते, तेव्हा माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसाच्या सोबतीने त्यांनी हे रान वाचले. पुढे त्यांनी ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. त्यामागे अशी वर्षानुवर्षांची बैठक होती. 2025 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. प्रतापगड ते नवेगाव हा पट्टा मराठी वाचकाला ओळखीचा वाटतो, त्यात त्यांच्या लेखणीचा वाटा मोठा आहे.

सुरुवात कानापासून करावी. रानात सुतारांचे ठोकणे तीन प्रकारचे ऐकू येते आणि तिन्हींचा अर्थ वेगळा असतो. पहिले खाद्य शोधतानाचे. दोन ठोके, थांबणे, एक ठोका, पुन्हा थांबणे, मग पाच-सहा भराभर. याला ताल नसतो, कारण पक्षी मधल्या थांब्यात तपासत असतो. दुसरे घुमवणे. वाळलेली, पोकळ, चांगला आवाज देणारी फांदी निवडून एका दमात केलेला ठोक्यांचा वर्षाव. तो दूरवर जातो आणि त्याचा खाण्याशी काही संबंध नसतो. हद्द सांगणे आणि जोडीदाराला बोलावणे हे त्याचे काम. तिसरे घरट्याचे खणणे. हा आवाज मंद, बुजलेला, बराच वेळ एकाच जागेवरून येणारा असतो, आणि मध्ये मध्ये थांबतो तेव्हा भुसा बाहेर फेकला जात असतो. ज्याला हे तीन आवाज वेगळे ओळखता आले, त्याला दुर्बीण डोळ्याला लावण्यापूर्वीच निम्मी गोष्ट कळलेली असते.

घुमवण्यातही जातीजातीचा फरक आहे. तांबूस सुताराचा घुमारा वेगात सुरू होतो आणि शेवटी ठोके एकमेकांपासून दूर जात मंदावून थांबतो. एकदा ऐकला की चुकत नाही. सोनपाठी सुतार घुमवण्यापेक्षा ओरडण्यावर भर देतो. खिंकाळल्यासारखी त्याची खडखडती हाक रानापासून गावातल्या आमराईपर्यंत सगळीकडे ऐकू येते.

आता ऐनाचे एखादे जाड झाड निवडा. ऐनाची साल खोल भेगांनी चौकोन पडल्यासारखी फाटलेली असते, आणि त्या भेगांत मुंग्या, वाळवी, कोळी, अळ्या दडून बसतात. सकाळी ऊन खोडावर आले की सोनपाठी सुतार बहुधा खोडाच्या खालच्या भागावर येऊन चिकटतो आणि तिथून वर सरकत जातो. त्याचे चढणे झटक्याझटक्याने असते. दोन्ही पाय एकदम वर उचलतो, शेपटी टेकवतो, पुन्हा उचलतो. सुतारांच्या बहुतेक जातींत दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात आणि शेपटीची पिसे ताठ, टोकदार असतात. पाय आणि शेपटी मिळून खोडावर तिहेरी आधार होतो. ही शेपटी इतकी महत्त्वाची की पिसे झडण्याच्या काळात मधली दोन पिसे सर्वांत शेवटी, बाकीची नवी आल्यावरच झडतात. आधार एक दिवसही सुटत नाही.

खोडावरून चढताना तो गोल फिरत जातो. तुम्ही दिसलात की पटकन खोडाच्या पलीकडे सरकतो आणि अधूनमधून एका बाजूने डोके काढून पाहतो. अशा वेळी मागे धावू नये. तुम्ही फिरलात की तोही फिरतो. आहे तिथे बसून राहिले तर तो आपले काम पुन्हा सुरू करतो. आणि काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. आधी सालीच्या कडेवर हलके ठोके. आत पोखरलेला बोगदा असला तर आवाज बदलतो. मग तिरकस ठोके देऊन सालीचा कपचा उडवणे, आणि शेवटी चोच फटीशी धरून क्षणभर स्तब्ध होणे. या स्तब्ध क्षणात जीभ आत गेलेली असते.

ती जीभ हा स्वतंत्र विषय आहे. सुताराची जीभ लांब, लाळेने चिकट आणि टोकाला काटेरी असते. ती इतकी बाहेर काढता यावी म्हणून तिला आधार देणारी हाडे घशाच्या बाजूंनी निघून कवटीच्या मागून वळसा घालतात आणि डोक्यावरून पुढे कपाळाकडे येतात. त्यांच्या स्नायूंनी जीभ पुढे ढकलली जाते. बोगदा वळणाचा असला तरी अळी सुटत नाही. नाकपुड्यांवर बारीक राठ पिसांचे झाकण असते, त्यामुळे उडणारा भुसा नाकात जात नाही.

एवढे ठोकून त्याचे डोके कसे दुखत नाही, हा प्रश्न प्रत्येक शाळेतली मुले विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. बरीच वर्षे उत्तर ठरलेले होते: कवटीतले सच्छिद्र हाड धक्का शोषून घेते. पुस्तकांत तसे छापले जाई, हेल्मेट बनवणारेही त्याचा दाखला देत. 2022 साली बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या साम व्हान वासेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ‘करंट बायोलॉजी’ या नियतकालिकात वेगळे उत्तर मांडले. तीन जातींच्या सुतारांचे ठोकणे त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले आणि चोच व कवटी यांची गती मोजली. कवटी धक्का शोषत असती तर ती चोचीपेक्षा सावकाश थांबली असती. तसे आढळले नाही. डोके आणि चोच एकसंध, ताठ वस्तूसारखे एकत्र थांबले. कारणही सरळ आहे. हातोड्याच्या तोंडाला रबर लावले तर खिळा आत जाणार नाही. ठोक्याची ताकद डोक्यातच जिरली तर लाकूड फुटणार कसे? मेंदू सुरक्षित राहतो तो त्याच्या लहान आकारामुळे. त्या आकाराच्या मेंदूला एवढा धक्का घातक पातळीच्या खालीच राहतो. शाळेच्या पुस्तकांत हे उत्तर लवकर यायला हवे.

एकाच रानात पाच-सहा जातींचे सुतार राहतात, तरी त्यांच्यात फारशी झटापट दिसत नाही, याचे कोडे झाडाचे भाग वेगवेगळे करून पाहिले की सुटते. सर्वांत लहान, जेमतेम 13 सेंटिमीटरचा तपकिरी डोक्याचा सुतार शेंड्याकडच्या बारीक डहाळ्यांवर असतो, बोटाएवढ्या फांदीच्या खालच्या अंगालाही लटकतो. त्याच्याहून थोडा मोठा मराठा सुतार वाळक्या फांद्यांवर आणि मोकळ्या, विरळ झाडीत दिसतो. जॉन लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने 1801 साली त्याला शास्त्रीय नाव दिले, ते मराठ्यांच्या मुलखावरून. याच्या माथ्याचा पुढचा भाग पिवळसर असतो. नराच्या माथ्यामागे लाल रंग, मादीला तो नसतो. सोनपाठी सुतार जाड फांद्या, खोड आणि वेळप्रसंगी जमीन असे सगळीकडे वावरतो. पांढऱ्या मानेचा सुतार खोडांचा आणि मोठ्या, विरळ झाडांचा रहिवासी. तो सोनपाठीसारखाच सोनेरी पाठीचा, म्हणून गफलत होते. पण मानेच्या मागे पांढरा पट्टा पाठीपर्यंत उतरलेला दिसला की ओळख पक्की. त्याच्या मादीचा तुरा पिवळा असतो, नराचा लाल. रेषाळ गळ्याचा हिरवा सुतार तर पुष्कळदा जमिनीवरच, वारुळे आणि पालापाचोळा उकरताना सापडतो. वाऱ्याने पाने हलतात असे वाटून आपण पुढे जातो आणि तो पायाजवळून उडतो.

हिवाळ्यात यांचा एक पाहुणा येतो, मानमोडी. तो सुतारांच्याच कुळातला, पण खोड खणत नाही. जमिनीवरच्या मुंग्या टिपतो, आणि संकटात सापडला तर मान अशी पिळवटतो की साप वळवळल्याचा भास व्हावा. धान कापणीनंतर बांध्यांच्या कडेच्या झुडपांत तो शोधावा.

सुतार बहुधा एकटे किंवा जोडीने दिसतात, पण हिवाळ्यात मिश्र थव्यांतही सामील होतात. कोतवाल, टकाचोर, रामगंगा, वटवटे असा लवाजमा झाडाझाडांवरून सरकतो आणि त्यात एखादा सुतार असतो. सुताराने उडवलेल्या सालीतून सुटलेला किडा कोतवाल हवेत टिपतो. शिक्रा आल्याची सूचनाही बहुधा कोतवालच देतो. शांत रानात अर्धा तास काहीच हलत नाही आणि मग एकदम दहा प्रकारचे आवाज येतात, तो हा थवा.

सगळ्यांत नवल मात्र तांबूस सुताराचे. झाडावर काळ्या मुंग्या चघळलेल्या पाल्याच्या आणि लाकडाच्या लगद्याचे, कागदी पुठ्ठ्यासारखे तपकिरी घर बांधतात. क्रेमॅटोगॅस्टर वंशातल्या या मुंग्या, डिवचले की पोटाचे टोक वर करून तुटून पडणाऱ्या. तांबूस सुतार या घरांवर जेवतो. चोचीने भोक पाडतो, मुंग्या बाहेर उसळतात आणि तो त्या जिभेने गोळा करतो. एवढ्यावर तो थांबत नाही. विणीच्या काळात मुंग्या राहत असलेल्या घरातच तो पोकळी खणतो आणि तिथेच अंडी घालतो. मुंग्या अंड्यांना आणि पिल्लांना इजा करत नाहीत. प्रौढ पक्ष्याच्या शेपटीच्या आणि पोटाच्या पिसांना चिकट डाग पडलेले असतात. हातात घेऊन पाहिलेल्या पक्ष्यांच्या पिसांत मुंग्यांची तुटलेली मुंडकी अडकलेली आढळली आहेत. म्हणून झाडावर असे मुंग्यांचे घर दिसले की खाली बसून त्याची एक बाजू नीट पाहावी. गोल भोक असेल आणि त्याच्या कडा ताज्या असतील, तर तिथे लक्ष ठेवण्यासारखे काहीतरी आहे. डोळ्याखाली लाल ठिपका असेल तो नर.

इतर सुतार लाकूडच खणतात. त्यांचा शोध घ्यायचा सोपा मार्ग जमिनीवर आहे. झाडाखाली फिकट पिवळ्या, ओलसर लाकडाच्या कपच्यांचा सडा दिसला की वर पाहावे. भुसा जुना झाला की करडा पडतो. ताजा असेल तर खणणे चालू आहे. मार्च महिन्यात मोहफुले वेचणारी माणसे पहाटेच झाडाखाली असतात, त्यांच्या नजरेतून हा भुसा सुटत नाही. या भागात मोहाचे झाड सहसा कोणी तोडत नाही. फुले आणि टोरी, म्हणजे मोहाचे बी, यांवर घर चालते. त्यामुळे बांध्यांच्या कडेला सर्वांत जुनी, जाड झाडे मोहाचीच उरली आहेत, आणि जुन्या झाडाला वाळकी फांदी आणि कुजका गाभा असतोच. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात; बुंध्याला आच लागून जखम झाली की तिथून बुरशी आत शिरते. सुताराला हवे असते ते असेच, बाहेरून टणक आणि आतून बुरशीने मऊ पडलेले लाकूड.

नर आणि मादी दोघेही आळीपाळीने खणतात. सोनपाठीची जोडी ओळखणे सोपे: नराचा माथा पूर्ण लाल, मादीचा कपाळाकडे काळा आणि त्यावर पांढरे ठिपके, लाल फक्त मागे तुऱ्यात. भोक आडवे सुरू होते आणि आत गेल्यावर खाली वळते. तिरप्या फांदीवर ते बहुधा खालच्या अंगाला असते, म्हणजे पाऊस आत जात नाही. आत गवत, पिसे असे अंथरूण काही नाही. उरलेल्या भुशावरच चकचकीत पांढरी अंडी. अंधारात रंगाची गरजच नसते. सोनपाठीची अंडी साधारण तीन असतात, अकराएक दिवसांत उबतात आणि पिल्ले वीसेक दिवसांत घरटे सोडतात. क्वचित या जातीने मातीच्या उभ्या बांधातही घरटे केल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा तलावाच्या पाळीवरही एक नजर टाकावी.

पिल्ले असल्याची खूण कानाला कळते. झाडाला कान न लावताही आतून अखंड किरकिर ऐकू येते आणि पालक जवळ आला की ती वाढते. मुंग्या खाणारे बरेच सुतार चोचीत काही दिसत नसताना येतात, कारण खाद्य गळ्यात साठवलेले असते आणि ते पिल्लाच्या तोंडात ओततात. मराठा सुताराच्या चोचीत मात्र अळी दिसते. बाहेर पडताना चोचीत पांढरी गुंडाळी दिसली तर ती पिल्लांच्या विष्ठेची पिशवी असते. ती दूर नेऊन टाकतात. या खेपा वेळेसह लिहून ठेवल्या की नर किती आला, मादी किती आली, दुपारच्या उन्हात खेपा कमी झाल्या का, याचा हिशेब मिळतो. शाळेतल्या मुलांना देण्यासारखा याहून चांगला वनप्रकल्प मला माहीत नाही.

मात्र अंतर राखावे. भोकासमोर उभे राहू नये, आडोशाला झाडाच्या बुंध्याशी बसावे. आत कोणी आहे का हे पाहायला खोडावर थाप मारणे, मोबाइलवर हाक वाजवून पक्षी बोलावणे, भोकात टॉर्च मारणे, हे सरळ सरळ दुष्कृत्य आहे. पालक घाबरून दूर राहिला तर टकाचोर आणि घोरपड यांना तेवढी संधी पुरते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून लागू आहेच, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनविभागाची परवानगी लागते. पण कायदा नसता तरी हे करू नये.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, पहाटे अख्खे गाव रानात जाते, त्याच सुमारास पुष्कळ पिल्ले बाहेर पडतात. रिकाम्या झालेल्या भोकावर लगेच गिऱ्हाईक येते. पोपट तर रिकामे होण्याचीही वाट पाहत नाहीत, खणून तयार होताच हुसकावून ताबा घेतात, आणि सुतार पुन्हा नव्याने खणू लागतो. पुढे मैना, पिंगळा, रामगंगा, दयाळ, खारी अशी भाडेकऱ्यांची रांग वर्षानुवर्षे चालते. यातल्या एकालाही लाकूड कोरता येत नाही. म्हणूनच रानातले उभे वाळके झाड सरपण म्हणून किंवा ‘साफसफाई’ म्हणून तोडले जाते, तेव्हा सुताराच्या एका जोडीचे नुकसान होते ते थोडे, आणि या रांगेचे फार. नवेगाव राष्ट्रीय उद्यान 1975 साली जाहीर झाले, 2013 साली ते नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्पात आले. त्या हद्दीत वाळकी झाडे उभी राहतात. बाहेर, प्रतापगडसारख्या गावांच्या रानात, ती राहतील की नाही हे ग्रामसभा आणि वनरक्षक यांच्या समजुतीवर आहे.

पावसाळ्यात, रोवणी चालू असताना, सुतार गप्प असतात आणि पानांमुळे दिसतही नाहीत. निरीक्षणाला पुन्हा धार येते ती थंडीत, आणि तेव्हाची वेळ संध्याकाळची. सुतार रात्री ढोलीत झोपतात, आणि जोडीतले दोघेही बहुधा वेगवेगळ्या ढोलीत. सूर्य मावळण्याआधी पाऊण तास एखाद्या मोकळ्या कडेला बसावे. पक्षी एकटा येतो, झाडाला थोडे चढतो, इकडेतिकडे पाहतो आणि आत शिरतो. मग एकदोनदा डोके बाहेर काढून गडप होतो. ते झाड वहीत लिहावे, दुसऱ्या संध्याकाळी जोडीदाराचे शोधावे. ही दोन झाडे कळली की नवे घरटे कोणत्या पट्ट्यात शोधायचे, याचा अंदाज येतो.